घरून आणलेली खुर्ची

सरकारदरबारी मी वेडा आहे. हे विनयानं म्हणत नाही, तसा रीतसर हुकूम आहे. जिंतूरच्या तहसील कचेरीच्या दप्तरात तो कुठंतरी पडलेला असेल, वाळवीनं ठेवला असेल तर. उर्दूत आहे, खाली मोहर आहे, आणि माझं नाव वडिलांच्या नावासकट अगदी बरोबर लिहिलेलं आहे. एरवी सरकारी कागदांनी माझं नाव कधी धड लिहिलं नाही. बायकोचं मत असं की हुकुमात चूक काहीच नाही, फक्त तो निघायला उशीर झाला.

हा हुकूम निघाला आमच्या घरमालकांपायी. त्यांचं नाव सांगत नाही. जिंतुरात त्यांना सगळे मालकच म्हणत, मीही तेच म्हणायचो.

निजामाचं राज्य होतं. मी सरकारी शाळेत तात्पुरता मास्तर म्हणून लागलो होतो. शेरवानी शिवली होती, लाल रुमी टोपी घेतली होती, आणि आरशात पाहून जिंतुरातला सर्वांत समजूतदार माणूस कोण याचा निकालही लावून टाकला होता. फक्त राहायला जागा नव्हती. कुणीतरी मालकांचं घर दाखवलं. मला वाटलं गाव विचारतील, जात विचारतील, पगार विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, “दार वाजवलं तर आतून ‘या’ म्हनाल ना?”

मी म्हटलं, “म्हणेन की.” पाहुण्यांबद्दल बोलत असतील असं मला वाटलं. ते स्वतःबद्दल बोलत होते. संध्याकाळी बाहेरून आले की ते स्वतःच्याच घराचं दार वाजवत आणि म्हणत, “येऊ का?” मी ‘या’ म्हणेपर्यंत उंबरा ओलांडत नसत. एकदा मी शाळेतून उशिरा आलो तर ओट्यावर बसलेले.

“आत का नाही गेलात?”

“कुनी ‘या’ म्हनलं न्हाई.”

“पण घर तुमचं आहे!”

“आसंल. पन एक खोली तुमाला दिली ना? मग इचारल्याबिगर कसं शिरावं मानसानं?”

वर्तमानपत्र ते शिळं वाचत. आमच्या हेडमास्तरांकडं टपालानं यायचं, ते वाचून झालं की मालक गठ्ठा मागून आणत आणि महिनाभर तसाच ठेवत. मुरू दिला पाहिजे म्हणत. “महिना थांबलं की निम्म्या बातम्या खोट्या निघत्यात. तेवढी काळजी वाचती.” मी ताजं वर्तमानपत्र वाचून आठवडाभर झोप घालवून घेत असे, तेव्हा ते घोरत असत. तरी शहाणा मीच होतो.

पण गावाला मालक माहीत होते ते खुर्चीसाठी. सागवानी, बिनहाताची, साधी खुर्ची. ती उलटी करून, पाय वर, डोक्याच्या रुमालावर ठेवून ते गावातून जात. कचेरीत जाताना खुर्ची, पोलीस ठाण्यात जाताना खुर्ची, दवाखान्यात जाताना खुर्ची. लग्नाला किंवा देवळात जाताना मात्र नाही. त्यामागं हिशेब होता, पण तो कळायला मला फार दिवस लागले.

मालक स्वतः त्याच कचेरीत उभी हयात अहलकार, म्हणजे कारकून, होते. त्या काळी कचेरीत खुर्ची म्हणजे मान होता. जहागीरदार बसणार, मोठे वकील बसणार, बाकी दुनिया उभी. मालकांनीही तीस वर्षं शेतकऱ्याला समोर उभं ठेवूनच कारभार केला. मग ते नोकरीतून मोकळे झाले आणि घराच्या कागदासाठी म्हणून त्याच कचेरीत गेले. कालपर्यंत त्यांना पाणी देणारा चपराशी म्हणाला, “बाहर खडे रहो.” ते उभे राहिले. कचेरी बंद होईपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा डोक्यावर खुर्ची होती.

“ये क्या है?” तहसीलदारांनी विचारलं.

“खुर्ची, साहेब. तुमच्याकडं कमी पडत्यात, म्हनून घरनं आनली.”

गंमत अशी की तिच्यावर ते स्वतः क्वचितच बसत. कचेरीत नेऊन ठेवत आणि सर्वांत जास्त वेळ जो ताटकळत असेल त्याला शोधून बसवत. माणसं बसायला भीत. मालक खांद्यावर हात ठेवून खाली दाबत. मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर गेलो, आणि प्रत्येक वेळी चार हात मागं राहून, हा गृहस्थ माझ्या ओळखीचा नाही अशा चेहऱ्यानं चाललो.

एकदा बोरीची एक म्हातारी आली होती. नवरा वारला होता, जमिनीवर स्वतःचं नाव लावून घ्यायचं होतं. गुडघे सुजलेले. मालकांनी तिला थेट तहसीलदारांच्या मेजासमोर नेऊन बसवलं. म्हातारीला तहसीलदार कोण हे नीट ठाऊक नसावं. ती ऐसपैस बसली, चंची सोडली आणि समोर पान धरून म्हणाली, “घे लेकरा, तू बी दमला आसशील.”

कचेरीत कुणीतरी हसलं. तहसीलदार वाईट नव्हते, पण हसणं त्यांना सोसत नसे.

त्याच सुमाराला मालकांचा पुतण्या मानवतहून आला. त्याच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं. स्थळं येत, पोहे खात, आणि जिंतूरला चौकशी करून गप्प होत. मुलीचा चुलत आजा डोक्यावर खुर्ची घेऊन गावभर फिरतो म्हटल्यावर कोण सोयरीक करणार? तो माझ्याजवळ रडला. म्हणाला, “मास्तर, मला घर नको, काई नको. पन काका हैदराबादला राहिले तर पोरीचं तरी होईल.” हैदराबादला म्हणजे पागलखान्यात.

त्याचा रस्ता सोपा होता. नातेवाइकानं दरखास्त द्यायची की अमुक माणूस भ्रमिष्ट आहे. तहसीलदारांनी त्याला निगराणीत ठेवायचं. निगराणीसाठी वेगळी जागा कुठली असणार, हवालातच. मग परभणीहून डॉक्टर येणार, माणसाला पाहणार आणि सर्टिफिकेट देणार. डॉक्टर ‘वेडा’ म्हणाले की तहसीलदारांची सही, आणि दोन शिपायांबरोबर रवानगी. तिथून परत आलेला माणूस जिंतुरात कुणी पाहिलेला नव्हता. चोराला किती दिवसांची शिक्षा ते तरी कळतं. वेड्याला ते कोण सांगणार?

पुतण्यानं दरखास्त दिली. मालकांना न्यायला शिपाई आले तेव्हा त्यांनी रुमाल बांधला, दाराला कडी घातली आणि मला म्हणाले, “मास्तर, मी नसताना बी दार वाजवूनच आत जा.” मी हसलो नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की मालकांना सोडवायचं, आणि ते काम माझ्यासारखा माणूसच करू शकेल. मी त्यांच्या बाजूनं साक्ष देणार होतो. साक्ष उर्दूत द्यायची होती. माझी उर्दू पुस्तकी, शाळेच्या भिंतींबाहेर कधी न गेलेली. मी भारी भारी शब्द जमवले, घरामागच्या लिंबाभोवती फेऱ्या मारत, हातवारे करत साक्ष पाठ केली. शेजारच्या बाईनं मुलांना आत घेतल्याचं मला दिसलं. थंडी असावी असं मला वाटलं.

डॉक्टर यायचे त्या दिवशी सकाळी हवालातीतून निरोप आला, ‘खुर्ची आणा.’ मला वाटलं, बिचाऱ्यांना फरशीवर बसवत नसेल. निघालो. खुर्ची हातात धरून पाहिली, ती गुडघ्यांना लागे. शेवटी घेतली डोक्यावर. रुमी टोपी खुर्ची ठेवण्यासाठी केलेली नसते, ती दबून कपाळावर आली आणि तिचा गोंडा नाकासमोर हलू लागला. अशा थाटात, तोंडानं साक्ष पुटपुटत मी मोटार थांबायच्या जागेवरून चाललो होतो.

नेमकी तेव्हाच परभणीची मोटार आली. डॉक्टर उतरले. घ्यायला गेलेल्या चपराशाला त्यांनी विचारलं, “वो पागल कहाँ है?” चपराशी त्यांची पेटी उतरवण्यात गुंतला होता. वर न बघता म्हणाला, “देखतेच पहचान जाएंगे हुजूर. सर पे कुर्सी लेके फिरता.”

डॉक्टरांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसलो.

हे सगळं मला नंतर कळलं. मला त्या वेळी दिसलं ते इतकंच की सुटाबुटातला एक सभ्य गृहस्थ माझ्याकडं येतोय आणि प्रेमानं चौकशी करतोय. हेच डॉक्टर हे मी ओळखलं. म्हटलं, आयती संधी आहे, इथंच छाप पाडावी.

“कहाँ जा रहे हैं आप?”

“हवालात.”

“क्यों?”

“कुर्सी देनी है.”

“अच्छा. वहाँ कौन है?”

“एक आदमी है, जिसको सब पागल कहते. मगर वो पागल नहीं है जनाब. बिलकुल मेरे जैसा है.”

डॉक्टरांनी मान डोलवली. वहीत काहीतरी टिपून घेतलं. मला उत्साह आला.

“आज तारीख क्या है?”

आता आमच्याकडं हा प्रश्न सोपा नव्हता. शाळेत फळ्यावर सरकारी फसली तारीख लिहायची, सुट्ट्या मुसलमानी चंद्रावर, वर्तमानपत्र इंग्रजी महिन्यांचं, आणि घरी पंचांग. मी शक्य तितक्या अदबीनं विचारलं, “कौनसी बताऊँ? सरकारी, मुसलमानी, अंग्रेजी, या मेरे घर की?”

“जो याद हो.”

मी चारही सांगायला गेलो आणि घाबरून फसली बहमन महिन्यातली तारीख मार्चला लावून दिली. सुधारायला गेलो तर एकादशी रमजानात निघाली. डॉक्टरांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, “कोई बात नहीं. घबराना नहीं.” इतक्या मायेनं माझ्याशी कुठलाच मोठा माणूस तोवर बोलला नव्हता. डोक्यावरची खुर्ची उतरवायचं त्यांनीही सुचवलं नाही आणि मलाही सुचलं नाही. ते तिथूनच कचेरीकडं वळले.

हवालातीत पोचलो तेव्हा मी फुललेला होतो. मालकांना म्हटलं, “काळजी करू नका, डॉक्टर आपल्या बाजूचे झाले.” मालकांनी खुर्ची आत घेतलीच नाही, गजांबाहेर पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायापुढं सरकवायला सांगितली. “त्याच्यासाठी मागवली. रातच्याला बी हुबा, दिवसा बी हुबा. मी तर आत बसूनच हाय.”

दुपारी मुकदमा सुरू झाला. कचेरी गच्च भरली होती. बोरीची म्हातारीसुद्धा आली होती. पहिली साक्ष माझी. पाठ केलेले सगळे शब्द तहसीलदारांना पाहताच पळाले. मी मालकांचं शहाणपण पटवायला निघालो आणि सांगितलं की ते इतके सभ्य आहेत की स्वतःच्या घरात शिरतानाही परवानगी मागतात. इतके विचारी आहेत की महिन्याची जुनी बातमी वाचतात. इतके दयाळू आहेत की कैदेत असताना पहारेकऱ्याच्या पायांची काळजी करतात. प्रत्येक वाक्यासरशी पुतण्याचा चेहरा उजळत गेला. त्याच्या वकिलानं मला एकही प्रश्न विचारला नाही. “शुक्रिया” म्हणून तो खाली बसला.

मला पहिल्यांदा भीती वाटली. आपल्या तोंडानं आपण या माणसाला हैदराबादला पाठवतोय हे मला दिसत होतं, आणि तोंड थांबत नव्हतं.

मग डॉक्टर उठले. अहवाल वाचला. मरीज डोक्यावर खुर्ची घेऊन रस्त्यानं एकटाच बोलत चालला होता. तारीख विचारता चार सांगितल्या, चारही चूक. स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलतो. स्वभाव गरीब, पण पागल, यात शंका नाही.

“दुरुस्त,” तहसीलदार म्हणाले आणि कलम उचललं. “उम्र?”

“पच्चीस के करीब.”

कलम थांबलं. मालक सत्तरीला आले होते. तहसीलदारांनी कठड्यात उभ्या असलेल्या मालकांकडं पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

“ये कौन है?” डॉक्टरांनी विचारलं.

“जिसको आपने देखा.”

“मैंने इनको नहीं देखा. मैंने तो उनको देखा,” असं म्हणून डॉक्टरांनी बोट केलं ते थेट माझ्याकडं.

कचेरीत असा हशा पिकला की बाहेरची माणसं आत आली. तहसीलदार लाल झाले. डॉक्टर म्हणाले, माणूस बदलला असेल, पण माझी तपासणी चुकलेली नाही. या गृहस्थाला पुन्हा तपासा, माझं तेच मत राहील. मी उभा राहून निषेध केला. उर्दूत केला. त्यानं त्यांचं मत आणखी पक्कं झालं.

सगळ्यांत शांत होते मालक. ते म्हणाले, “साहेब, आर्ज हाय. डॉक्टरसाहेब मोठा मानूस, ते चुकायचे न्हाईत. हे मास्तर माज्या घरी ऱ्हात्यात. लय गरीब हायेत. कुनाला मारायचे न्हाईत, चावायचे न्हाईत. हैदराबादला कशाला धाडता? माज्या हवाली करा. मी सांबाळतो.”

कायद्यात तशी सोय होती. निरुपद्रवी वेडा जबाबदार माणसाच्या ताब्यात देता येत असे. तहसीलदारांनी एकवार डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, एकवार हसणाऱ्या गर्दीकडं. डॉक्टरांची अब्रू राखायची, कचेरीची राखायची, आणि हा तमाशा संपवायचा, असा एकच रस्ता त्यांना दिसला असणार. त्यांनी हुकूम सांगायला सुरुवात केली आणि पेशकार लिहू लागला. मी पागल. मालक माझे पालक.

पेशकारानं दबकत विचारलं, “और असल दरखास्त, हुजूर?”

“खारिज. पागल जिसके हवाले किया, वो खुद पागल कैसे होगा?”

पुतण्याचं तोंड उघडं राहिलं. बोरीच्या म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, “मंग ह्या मास्तराला कवापासनं हाय हे?”

घरी येताना खुर्ची मालकांच्या डोक्यावर होती आणि मी बरोबरीनं चालत होतो. चार हात मागं राहून आता काही उपयोग नव्हता. मी चिडलो होतो. म्हटलं, उद्याच अपील करतो, माझी नोकरी जाईल, लग्न होणार नाही. मालक चालता चालता थांबले. म्हणाले, “करा. तुमचा हक्क हाय. पन मास्तर, तुमी शाने ठरलाव की मी येडा ठरन.” मग हळूच म्हणाले, “मला तिथं न्हाई जायचं.” खुर्चीखालचा तो म्हातारा भ्यालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि अपील तिथंच रस्त्यावर सोडून दिलं.

नोकरी राहिली. हेडमास्तर म्हणाले, तात्पुरत्या मास्तराला एवढं चालतं. कायम मात्र मालक हयात असेपर्यंत झालो नाही. लग्नाचं तर विचारूच नका. सोनपेठचं एक स्थळ जवळजवळ पक्कं होतं, त्यांचं उत्तर आलंच नाही. शेवटी मालक खुर्ची घेऊन मानवतला गेले. मोटारवाला टपावर ठेवा म्हणाला तर ती मांडीवर घेऊन गेले. पुतण्याला तिच्यावर बसवलं आणि म्हणाले, “तुज्या घराला येडाचा बट्टा, ह्याच्या नावानं येडाचा हुकूम. नाकारायला तोंड कुनाला हाय, सांग?” पुतण्यानं पुष्कळ विचार केला, पण तोंड सापडलं नाही. अशी माझी बायको मला मिळाली. मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिनं मान वर करून मला एकच विचारलं, “आज तारीख काय?”

मालक गेले ते झोपेत, उन्हाळ्यात. सकाळी मी दार वाजवलं, “येऊ का?” म्हटलं, आणि आतून ‘या’ आलं नाही. मी तिथंच ओट्यावर बसून राहिलो. कितीतरी वेळ आत गेलो नाही. मी खूप रडलो. माझा बाप गेला तेव्हाही इतका रडलो नव्हतो. लोक म्हणाले, वेड्याचा आधार गेला, आणि मला ते अजिबात लागलं नाही.

पुढं कचेरीत नवीन तहसीलदार आले. त्यांनी हा किस्सा ऐकला, पोटभर हसले आणि निरोप धाडला की अर्ज द्या, हुकूम रद्द करून टाकतो. आता अडचण काही नव्हती. मी शहाणा ठरल्यानं कुणाला हैदराबादला जावं लागणार नव्हतं. मी शेरवानी चढवली, अर्ज खिशात घातला आणि कचेरीत गेलो.

चपराशी म्हणाला, “बाहर खडे रहो.”

उभा राहिलो. माझ्या आधीपासून एक शेतकरी उभा होता, पायाला चिंध्यांचं बांधलेलं, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. दारातून आत दोन रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. ऊन चढलं. तो भिंतीला टेकला तसं चपराशी खेकसला, तो पुन्हा सरळ झाला. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कुणीतरी काहीतरी करील असं मला वाटत होतं.

मग मी घरी आलो आणि दार वाजवलं. “येऊ का?”

“या,” आतून बायको म्हणाली. दार उघडून तिनं माझ्याकडं पाहिलं. “झालात का शहाणे?”

“अजून नाही. खुर्ची न्यायला आलो.”

माझी रुमी टोपी काढून तिनं खुंटीला लावली, जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, त्याची चुंबळ वळली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.